इंदूरहून ट्राउटच्या नदीवर: फ्लाय फिशिंगच्या सहलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही इंदूरमधल्या मराठी मंडळींना छोट्या गटांनी हिमाचलच्या नद्यांवर ट्राउट माशासाठी नेतो. एका वेळी जास्तीत जास्त सहा जण, आणि दर दोघांमागे त्या खोऱ्यातला एक गाइड. फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. जाण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा, विशेषतः मासा परत सोडण्याबद्दलचं आणि पाण्यातल्या सुरक्षिततेबद्दलचं.

इंदूरच्या आसपास एवढी तळी, धरणं आहेत. इथे ट्राउट का नाही?

ट्राउटला थंड पाणी लागतं. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो नीट खातो-पितो, वाढतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचं खाणं मंदावतं आणि त्याहून तापलं तर जिवावर बेततं. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. यशवंत सागर असो, बिलावली असो की चोरल, मे महिन्यात तिथल्या पाण्यात हात घातला तर ते कोमट लागतं. त्या पाण्याचे मासे वेगळे, आणि ते तिथेच शोभतात.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय? साध्या गळापेक्षा त्यात वेगळं काय आहे?

साध्या गळाला टोकाशी वजन असतं. शिसं म्हणा, कणकेची गोळी म्हणा, गांडूळ म्हणा. ते वजन फेकायचं आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे बारीकशा हुकावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून केलेला बनावट किडा. तो तळहातावर ठेवला तर आहे की नाही हेही कळत नाही, इतका हलका. तो फेकणार कसा? म्हणून इथे वजन दोरीतच असतं. आम्ही नवख्यांना जी पाच नंबरची लाइन देतो, तिच्या पुढच्या तीस फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम असतं. नऊ फुटी लवचीक रॉडने ही दोरी आधी मागे उडवायची, ती पाठीमागे पुरती सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे न्यायची. दोरी पाण्यावर उलगडते आणि सगळ्यात शेवटी फ्लाय अलगद येऊन टेकते.

बहुतेकांची चूक एकच असते. दोरी मागे सरळ व्हायच्या आत हात पुढे येतो. मागे दिसत नसतं, म्हणून धीर सुटतो. आम्ही पहिल्या दिवशी मान वळवून मागे बघायलाच सांगतो. दोरीचा फास उलगडताना एकदा डोळ्यांनी पाहिला की हात आपोआप थांबायला लागतो.

पण मासा पिसांच्या किड्याला फसतो तरी कसा?

कारण तो दिवसभर किडेच खात असतो. नदीतला पसरट दगड उचलून उलटा करा, खालच्या बाजूला मेफ्लायची अळी चिकटलेली दिसेल. पावाच्या कणाएवढी, चपटी, मागे दोन-तीन शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंनी हलणारे कल्ले. शेजारीच वाळूचे कण जोडून केलेली बारीक नळी असते, तिच्यात कॅडिसची अळी राहते. या अळ्या महिनोन् महिने दगडांखाली काढतात. मग एक दिवस वर येतात, पाण्याच्या पृष्ठभागावर कात टाकतात आणि उडतात. मेफ्लायच्या प्रौढ किड्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. दिवस-दोन दिवसांत वीण करून तो संपतो.

या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळी फ्लाय असते. पाण्यावर तरंगणारी ती ड्राय फ्लाय. तळाजवळून वाहत जाणारी, अळीसारखी दिसणारी ती निम्फ. छोट्या माशासारखी ओढत आणायची ती स्ट्रीमर. आमच्या डबीत ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल आणि हेअर्स इअर या चार हमखास असतात, बाकीच्या नदी बघून. आमच्या गाइडचं सकाळचं पहिलं काम दगड उलटून बघण्याचंच असतं. मग तो दगड तो पुन्हा जसाच्या तसा ठेवतो, त्याच बाजूने, त्याच जागी.

ट्राउट आपल्याकडचाच मासा आहे ना?

नाही. ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी आणला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच नासली. १९०० मध्ये पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. फ्रँक मिचेल या स्कॉटिश माणसाने काश्मीरमध्ये त्यांची पैदास उभी केली. तिथली अंडी १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आणून कटराईंजवळच्या महिली इथे उबवली आणि तिथून हिमाचलच्या नद्यांत ट्राउट पसरला. दक्षिणेत निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरांत रेनबो ट्राउट रुजला. आज हॉटेलात ताटात येतो तो बहुधा शेततळ्यातला रेनबो असतो. पतलीकूहलचं सरकारी ट्राउट फार्म त्यासाठीच प्रसिद्ध आहे. नदीत स्वतःहून वीण करून टिकलेला तो मुख्यतः ब्राउन.

एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगतो. हिमालयातले मूळचे मासे वेगळे आहेत. स्नो ट्राउट नावाचा मासा खरं तर ट्राउट नाहीच, तो रोहू-कटल्याच्या गोत्रातला. ब्राउन ट्राउट लहान मासे खातो, त्यामुळे त्याचा भार या मूळच्या माशांवर पडतो. ज्या ओढ्यात ट्राउट नाही तिथे तो नेऊन सोडणं हे कुठल्याही कारणाने चूक. स्नो ट्राउट गळाला लागला तर त्याला ट्राउटपेक्षाही जास्त जपून सोडायचं.

कोणत्या नद्या आणि तलाव?

आमची मुख्य नदी तीर्थन. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने ती उतरते, गुशैनी-बंजारवरून वाहते आणि लारजीपाशी बियासला मिळते. २०१४ मध्ये या उद्यानाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तीर्थनवर वीजप्रकल्प नकोत म्हणून खोऱ्यातले लोक चिकाटीने लढले, म्हणून ही नदी आजही मोकळी वाहते. उद्यानाच्या हद्दीत आम्ही गळ टाकत नाही. खालच्या बाजूच्या पाण्यावरच जातो.

ज्यांनी एकदा तीर्थन केली आहे त्यांना बरोटला नेतो. तिथे ऊहल नदी आहे. ब्रिटिश काळातल्या शानन वीजप्रकल्पासाठी तिथे पाणी अडवलेलं आहे, त्यामुळे वाहतं आणि साचलेलं अशी दोन्ही पाणी एकाच गावात अनुभवता येतात. रोहडूकडची पब्बर आणि सांगल्याची बास्पा या नद्याही ट्राउटच्या, पण तिथे मी अजून गट नेलेला नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी तुम्हाला सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

तलावांचं तंत्र वेगळं. नदीत मासा एका जागी थांबतो आणि खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तलावात प्रवाह नसतो, मग मासाच काठाकाठाने फिरतो आणि आपल्याला वाट बघावी लागते. काश्मीरमधले विशनसर, कृष्णसर, गंगाबल हे साडेतीन हजार मीटरच्या वरचे तलाव ट्राउटसाठी नावाजलेले आहेत. तिथे पोचायला कित्येक दिवसांची पायपीट आहे. आमच्या सहलीत ते नाहीत. ट्रेकिंगची सवय असेल तर तिथल्या स्थानिक गाइडबरोबर स्वतंत्रपणे जा.

कधी जावं?

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते. ते दिवस विणीचे. मादी शेपटीने खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात. अशा वेळी नदीत उतरलेलं एक पाऊलही त्यांच्यावर पडू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत जमेल का, असं दरवर्षी विचारलं जातं. दिवाळी ऑक्टोबरात आली तरच जमतं.

आम्ही मार्च-एप्रिलमध्ये, आणि मग सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरभर जातो. मे-जूनमध्ये मुलांच्या सुट्ट्या असतात आणि इंदूर तापलेलं असतं, हे खरं. पण त्या दिवसांत बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढुळतं. सकाळी लवकर थोडा वेळ मिळतो, दुपारनंतर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कितीही आग्रह झाला तरी नेत नाही. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात पुराने काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं.

परवाना लागतो का?

लागतो. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा, प्रत्येकाचा वेगळा. आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त ओळखपत्र आणा. तो पूर्ण दिवसभर खिशात असला पाहिजे.

गाइड नेमकं काय करतो? यूट्यूबवर बघून जाता येणार नाही का?

कास्ट कसा करायचा, म्हणजे दोरी कशी फेकायची, ते यूट्यूबवर कळेल. मासा कुठे आहे ते कळणार नाही.

तीर्थनच्या काठी उभं राहिलं की नवख्याला एकच फेसाळलेला प्रवाह दिसतो. गाइडला त्यात घरं दिसतात. मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत होतं, तिथे एक. दोन धारा एकत्र येतात त्या शिवणीवर एक, कारण दोन्हीकडचं खाणं तिथे येतं आणि मासा मात्र संथ बाजूला आरामात थांबू शकतो. काठाखाली कोरल्या गेलेल्या कपारीत एक, आणि तो बहुधा मोठा. मासा तोंड वरच्या बाजूला, प्रवाहाकडे करून असतो, म्हणून आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीकडून जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही.

मग येतो सगळ्यात अवघड भाग. फ्लाय पाण्यावर पडली की दोरीवरच्या प्रवाहाची ओढ तिला लागते आणि ती इतर किड्यांपेक्षा वेगाने सरकते. ट्राउटला ते लगेच कळतं. म्हणून दोरी पाण्यावर पडल्याबरोबर रॉडच्या टोकाने तिचा पोट आलेला भाग वरच्या बाजूला उचलून ठेवायचा. याला मेंडिंग म्हणतात. दोन-तीन सेकंदच, पण तेवढा वेळ फ्लाय बरोबरच्या फेसाच्या बुडबुड्याइतक्याच वेगाने जायला हवी. आमचा गाइड बोट दाखवून एवढंच म्हणतो, "बुलबुला देखो, भाईजी." मी हे त्याच्याकडूनच शिकलो. माशाकडे बघायचं सोडलं, बुडबुड्याकडे बघायला लागलो, आणि त्या दिवसापासून मासे लागायला लागले.

मला काहीच येत नाही. चालेल का?

चालेल. बहुतेक जण असेच येतात. निघण्याआधी तीन शनिवार आम्ही तिलकनगरकडच्या एका मैदानावर सकाळी साडेसहाला सराव घेतो. हुक नसतो, त्याच्या जागी लोकरीचा तुकडा. वीस फुटांवर कढई ठेवतो आणि लोकर तिच्यात टेकवायची. नदीवर बहुतेक मासे वीस-तीस फुटांतच लागतात, त्यामुळे लांब फेकायचा हव्यास नको. सिरपूर तलावावर सराव घ्या असं काहींनी सुचवलं होतं. ती पक्ष्यांची जागा आहे. दोऱ्या उडवायला आपल्याला मैदान पुरे आहे.

गाठीही इथेच शिकवतो. दोरीच्या टोकाला लीडर म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, लीडरच्या टोकाला टिपेट म्हणजे त्याहून बारीक धागा. आपण वापरतो ते पाच एक्स टिपेट सुमारे ०.१५ मिलीमीटर जाडीचं असतं. ते हुकाच्या डोळ्यातून ओवायचं, स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून आणि मग मोठ्या फासातून घ्यायचं. ओढण्याआधी गाठ जिभेने ओली करायची. कोरडी ओढली तर घर्षणाने धागा कमजोर होतो आणि चांगला मासा लागला की तिथेच तुटतो. ज्यांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला आहे अशा काकू, मावशी हे पहिल्या खेपेला करतात. बाकीच्यांना दोन शनिवार लागतात.

सामान विकत घ्यावं लागेल का?

नाही. रॉड, रीळ, फ्लाय, पाण्यात घालायचे बूट सगळं आम्ही देतो. तुम्ही पोलराइज्ड चष्मा, टोपी आणि गरम कपडे आणा. चष्मा केवळ ऊन म्हणून नाही. पाण्यावरची चमक त्याने जाते आणि तळाचे दगड दिसतात. शिवाय उडणाऱ्या हुकापासून डोळे वाचतात, त्यामुळे चष्म्याशिवाय कुणालाही रॉड देत नाही. भडक रंगाचे कपडे नकोत.

पकडून सोडल्याने माशाला त्रास होत नाही का? मग हे करायचंच कशाला?

हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारतात आणि तो योग्यच आहे. त्रास होतो. होत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो किती कमी करायचा हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

माझ्या हातून एक मासा मेला आहे. बरोटला, एप्रिलमध्ये, माझ्या सुरुवातीच्या दिवसांत. चांगला हातभर ब्राउन, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. मला फोटो हवा होता. पहिला हलला, दुसऱ्यात माझं तोंड आलं नाही, तिसऱ्यासाठी मी त्याला पुन्हा वर उचललं. पाण्यात ठेवला तेव्हा तो कुशीवर कलंडला. मी त्याला दोन्ही हातांत धरून गुडघाभर पाण्यात वीस मिनिटं उभा होतो. कल्ले हळूहळू उघडत होते, मग थांबले. तो फोटो माझ्याकडे आहे, पण मी तो कुणाला दाखवत नाही.

नंतर मी याबद्दल वाचलं. कॅनडातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नुसते दमवलेले आणि पाण्यातच ठेवलेले मासे १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेले ३८ टक्के. आणि पूर्ण एक मिनिट हवेत धरलेले ७२ टक्के. मी त्या दिवशी मिनिटाहून जास्त घेतलं होतं.

म्हणून आमचे नियम ठरलेले आहेत आणि त्यांना सूट नाही. हुक टोकाजवळचा उलटा काटा नसलेलाच. असलाच तर तो पकडीने दाबून सपाट करतो. मासा लागला की खेळवत बसायचं नाही, लवकर जवळ आणायचा. जाळी रबराची. हात आधी पाण्यात बुडवून ओले करायचे, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगांपासूनचं कवच आहे आणि कोरड्या हाताने ते निघतं. हुक पाण्यातच सोडवायचा. फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा उचलायचा, एक फोटो, परत पाण्यात. मग त्याला तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून नुसतं आधार देऊन धरायचं. ढकलायचं नाही, मागेपुढे हलवायचं नाही. थोड्या वेळाने शेपटी जोर धरते, तुमच्या मनगटावर एक फटका बसतो आणि हात रिकामा होतो. आणि दुपारी पाणी १८ अंशांच्या वर गेलं, तर त्या दिवसाचं काम थांबतं. गाइडच्या खिशात थर्मामीटर असतो.

आम्ही शाकाहारी आहोत. मुक्कामात अडचण येईल का?

अजिबात नाही. आमच्या गटात निम्म्याहून जास्त मंडळी शाकाहारीच असतात. मुक्काम गावातल्या घरी असतो, राजमा-भात, सिड्डू आणि भरपूर तूप मिळतं. ज्यांना ट्राउट खायचा आहे त्यांनी शेततळ्यातला घ्यावा, त्या लोकांचं पोट त्यावर आहे. नदीतला आम्ही मारत नाही.

एका दिवसात किती मासे मिळतील?

आकडा सांगत नाही. नवख्याला पूर्ण दिवसात एकही न लागणं अगदी सामान्य आहे. तीन दिवसांच्या सहलीत बहुतेकांना निदान एक तरी लागतो.

पाणी धोक्याचं नाही का?

आहे. गार पाणी, गोल गुळगुळीत दगड आणि शेवाळ. म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, काठी हातात हवी, आणि वेडर, म्हणजे पाण्यात घालायची उंच, पाणी न शिरणारी विजार, घातला तर कमरेला पट्टा घट्ट बांधलेला हवा म्हणजे पडल्यावर आत पाणी भरत नाही. एक पाय रोवला की मगच दुसरा उचलायचा. पडलातच तर पाठीवर व्हा, पाय पुढे, आणि उभं राहायची घाई करू नका.

धरणाखालच्या पाण्यात आम्ही उतरत नाही. ८ जून २०१४ ला थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक माणूस वरून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ही जागा औटपासून, म्हणजे आपण बंजारकडे वळतो तिथून, फार लांब नाही, आपण जाता-येता तिच्यावरूनच जातो. तीर्थनवर धरण नसलं तरी वर ढग दाटले, पाण्याचा रंग बदलला, काड्या-पानं वाहून यायला लागली की गाइड हाक मारतो. हाक आली की मासा लागलेला असला तरी बाहेर यायचं.

मुलं आणि ज्येष्ठ?

मुलं दहा वर्षांच्या वरची, आणि ती काठावरूनच टाकतात. ज्येष्ठांना गुडघे चालत असले की पुरे. गेल्या खेपेला एक आजोबा आणि त्यांची नात एकाच रॉडवर होते. आजोबा दोरी टाकायचे, नात बुडबुडा बघायची आणि "आजोबा, आता!" म्हणायची. मुक्कामाची उंची दीड हजार मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे श्वासाचा त्रास सहसा होत नाही. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच नाव द्या.

इंदूरहून कसं जायचं?

मालवा एक्सप्रेसने अंबाला, तिथून गाडीने मंडीमार्गे औट, आणि औटच्या बोगद्याआधी बंजारकडे वळायचं. विमानाने येणाऱ्यांनी चंदीगढला उतरावं. अंबाल्यापासून पुढची गाडी आमची असते.

नर्मदेत महाशीर आहे. तिथे का नेत नाही?

हा माझ्या मनाला सर्वांत जवळचा प्रश्न. नर्मदेतला महाशीर, ज्याला तिकडचे कोळी बाडस म्हणतात, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याला वाहतं पाणी आणि स्वच्छ खडी लागते. पावसाळ्यात तो विणीसाठी वर चढतो. नर्मदेवर एकामागून एक धरणं झाली, वाहती नदी साचत गेली, वाळू उपसली गेली आणि बाडस कमी होत गेला. बडवाहच्या वन विभागाने त्याच्या प्रजननासाठी काम केलं आहे, ते मला मोलाचं वाटतं. तो पुन्हा वाढेपर्यंत त्याच्यावर आम्ही फ्लाय टाकणार नाही. महेश्वरच्या घाटावर बसून नर्मदेचं पाणी वाचायला मात्र आम्ही लोकांना नेतो. हिवाळ्यातला एक रविवार, रॉड न घेता, फक्त पोलराइज्ड चष्मे घालून. कुठे धार आहे, कुठे भोवरा, कुठे पाणी उलटं फिरतंय, हे तिथे शिकलेलं तीर्थनवर जसंच्या तसं उपयोगी पडतं.

नाव कसं नोंदवायचं?

सरावाच्या पहिल्या शनिवारी मैदानावर या, तिथेच नोंदणी होते. त्याआधी पैसे घेत नाही. एकदा दोरी हातात घेऊन बघा, मग ठरवा. येताना जुन्या स्वेटरची लाल किंवा पिवळी लोकर बोटभर घेऊन या, हुकाच्या जागी तीच बांधायची आहे.